दार रोज उघडणाऱ्या माणसाचा पगार

(मोहर्ली येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते शाळा सुटल्यावर पोरांना थांबवून पुस्तके वाचून दाखवत आणि स्वतःच्या घरची पुस्तके गावोगाव फिरवत. त्यांच्या नावाने बोलायचे आणि वाचनाची थोरवी गाऊन खाली बसायचे, हे त्यांच्या कामाला शोभणारे नाही. म्हणून आज मी पैशाविषयी बोलणार आहे. वाचनालय चांगली गोष्ट आहे, हे कुणीही नाकारत नाही. त्याचा खर्च कुणी उचलायचा हा प्रश्न निघाला की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. तिथेच आपली वाचनालये अडली आहेत.

माझे म्हणणे थोडक्यात असे : वाचनालयाची इमारत कुठल्या ना कुठल्या योजनेतून उभी राहते, पण वाचनालय चालते ते रोज दार उघडणाऱ्या माणसामुळे. त्या माणसाच्या पगाराची कायमची सोय होत नाही तोवर आपण फक्त कुलूपबंद खोल्या बांधत राहू. आणि ही सोय करण्याइतका पैसा आपल्या जंगलातून आणि आपल्या जमिनीखालून रोज बाहेर पडतो आहे. त्यातला वाटा मागण्याचा आपल्याला हक्क आहे.

आधी वाचनालय हवे कशाला, ते आपल्याच मुलखातल्या उदाहरणाने सांगतो.

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे लहानसे गाव आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली या गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. एप्रिल 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. ही गोष्ट देशभर गाजली. तिच्यामागची तयारी मात्र फारशी सांगितली जात नाही. देवाजी तोफा, मोहन हिराबाई हिरालाल हे कार्यकर्ते आणि गावकरी वर्षानुवर्षे अभ्यासगट चालवत होते. कायदा आणायचा, मोठ्याने वाचायचा, कलमाचा अर्थ लागेपर्यंत त्यावर बोलायचे, ज्याला अक्षरओळख नाही त्यानेही प्रश्न विचारायचा, आणि मग सगळ्यांच्या सहमतीने ग्रामसभेत निर्णय घ्यायचा. अधिकाऱ्यासमोर उभे राहायची वेळ आली तेव्हा कलम कोणते आणि ते काय म्हणते, हे गावाला माहीत होते. सार्वजनिक ग्रंथालयाचे जे मूळ काम, ते मेंढ्याने पाटी न लावताच केले. कागद गावाच्या हाती असावा, तो सगळ्यांना उघडता यावा आणि त्यावर मिळून बोलता यावे, एवढेच ते काम. त्यातून अख्ख्या जंगलाचा हक्क मिळाला.

आता ताडोबाच्या या परिसराकडे या. एप्रिल-मे महिन्यात मोहफुले वेचायला आणि तेंदूपाने तोडायला माणसे पहाटे जंगलात जातात. त्याच दिवसांत वाघाच्या हल्ल्याच्या बातम्या येतात. माणूस दगावला तर शासन 25 लाख रुपये देते, त्यातली काही रक्कम मुदत ठेवीत राहते. या पैशासाठी पंचनामा, वारसाचा दाखला, बँकेचे कागद असे सगळे दुःखात बुडालेल्या घराला जमवावे लागते. गुरे मेली, धानाची नासाडी झाली, तरी अर्ज आलाच. शासन निर्णय मराठीत असतो, पण तो घरात कुणी पाहिलेला नसतो. तो ज्या टेबलावर ठेवलेला असेल आणि तो वाचून समजावणारा माणूस जिथे ठरल्या वेळी बसलेला असेल, ती जागा म्हणजे वाचनालय. पोलीस भरती आणि वनरक्षक भरतीची तयारी करणारी पोरे आहेत. घरी एकच खोली, त्यात टीव्ही, म्हातारी माणसे, लहान भावंडे. त्यांना एक टेबल, एक दिवा आणि चार तासांची शांतता मिळाली तर त्यांचे नशीब बदलू शकते.

आणि गाईड मित्रांनो, तुमच्याविषयी. पगमार्क पाहून वाघ केव्हा गेला ते तुम्ही सांगता. सांबराचा आणि वानराचा कॉल तुम्ही कानाने ओळखता. हे ज्ञान कुठल्याही पुस्तकापेक्षा कमी नाही. पण मारुती चितमपल्लींनी विदर्भाच्या याच रानांत आयुष्य काढून पक्ष्यांविषयी आणि झाडांविषयी जे मराठीत लिहून ठेवले, ते पुण्या-मुंबईच्या कपाटांत मिळावे आणि ताडोबाच्या दारात मिळू नये, हे मला सहन होत नाही.

आता पैशाचा हिशेब.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 साली झाला. त्याच्याआधी, 1945 साली, कोल्हापूर संस्थानाने असा कायदा केला होता आणि तो भारतातला पहिला. आपल्या राज्यात गावातल्या संस्थेने वाचनालय काढायचे, शासनाने त्याला मान्यता देऊन अ, ब, क, ड असा वर्ग द्यायचा आणि वर्गाप्रमाणे अनुदान द्यायचे, अशी पद्धत आहे. या पद्धतीने राज्यभर हजारो वाचनालये उभी राहिली. ती उभी करणाऱ्या कार्यकर्त्यांना मी वंदन करतो. पण सगळ्यात खालच्या ड वर्गाचे, म्हणजे बहुतेक खेड्यांच्या वाचनालयाचे अनुदान पाहा. 2012 पासून ते वर्षाला 30 हजार रुपये होते. दहा वर्षांनी, 2022 साली, त्यात 60 टक्के वाढ झाली आणि ते 48 हजार झाले. म्हणजे महिन्याला 4 हजार. यातला निम्मा भाग पगारासाठी आणि निम्मा पुस्तके, वर्तमानपत्रे, वीज, भाडे या सगळ्यांसाठी. पगाराचे महिन्याला 2 हजार धरले तर दिवसाला 66 रुपये पडतात. 2025-26 साठी रोजगार हमीच्या कामाची मजुरी आपल्या राज्यात दिवसाला 312 रुपये ठरली. वाचनालयाचे तास कमी असतात, हे मान्य. तरीही 66 रुपये हा कुणाच्याही कामाचा मोबदला नव्हे.

अशाच एका वाचनालयात मी काही काळ जात असे. गावाचे नाव सांगत नाही. ते चालवणाऱ्या ताई दुपारी चारला येत. आधी झाडू, मग वर्तमानपत्र काठीला लावणे, मग देवघेवीची नोंदवही. वहीत सभासदाचे नाव, पुस्तकाचा दाखल क्रमांक, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख आणि सही किंवा अंगठा. ती वही चाळली की गावाचे वर्ष दिसायचे. रोवणीच्या दिवसांत पान कोरे. तेंदूच्या हंगामात पान कोरे. दिवाळीनंतर पान भरलेले, आणि भरतीची जाहिरात निघाली की एकाच स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकापुढे ओळीने नावे. अनुदान दोन हप्त्यांत यायचे आणि पहिला हप्ता यायला उशीर व्हायचा. तोवर पेपरवाल्याचे बिल ताई घरातून भरायच्या. पुढे त्यांना बचत गटाच्या कामात बरे पैसे मिळू लागले आणि त्यांनी वाचनालय सोडले. त्यांचे काहीही चुकले नाही. कपाटे तिथेच राहिली, पुस्तके तिथेच राहिली, आणि वाचनालय बंद पडले.

म्हणून मी पुन्हा पुन्हा माणसाच्या पगारावर येतो. आपल्या सगळ्या योजनांचा कल बांधकामाकडे असतो. खोली बांधता येते, कपाट घेता येते, फीत कापता येते. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींना अबंधित निधी दिला, पण तो पगारावर खर्च करायचा नाही, अशी अटच होती. आमदार-खासदारांच्या निधीतून पुस्तके येतात, ग्रंथपाल येत नाही. गडचिरोली पोलीस दलाने ‘एक गाव, एक वाचनालय’ हा उपक्रम दुर्गम गावांत नेला, ही मोठी आनंदाची गोष्ट आहे. पण उत्साही अधिकाऱ्याची बदली होते. त्यानंतरही त्या खोल्या उघड्या राहायच्या असतील तर गावाजवळ दर महिन्याला येणारा पैसा हवा.

जगात ज्यांनी हे काम नीट केले, त्यांनी हीच गोष्ट आधी ओळखली. अमेरिकेतल्या अँड्र्यू कार्नेगी या उद्योगपतीने अडीच हजारांवर ग्रंथालयांना इमारती दिल्या. देताना त्याची अट अशी असे, की देणगीच्या एक दशांश एवढी रक्कम शहराने दरवर्षी करातून चालू खर्चासाठी ठेवावी. इमारत दात्याची, पण चालवण्याची जबाबदारी गावाची. आपल्याकडे सयाजीराव गायकवाडांनी 1910 साली विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्यात बोलावले आणि खेड्यापर्यंत ग्रंथालये नेली. तिथला नियम सोपा होता. गावाने 100 रुपये जमवले की तेवढेच प्रांत पंचायतीने घालायचे आणि तेवढेच राज्याने. जिथे वाचनालय नाही तिथे लाकडी पेट्यांत पुस्तके भरून गावोगाव पाठवायची. लोकांचा वाटा, स्थानिक संस्थेचा वाटा आणि राज्याचा वाटा : शंभर वर्षांपूर्वीचे हे गणित आजही पक्के आहे.

स्वतंत्र भारतात मद्रास राज्याने 1948 साली कायदा केला, त्यामागे ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांची खटपट होती. त्या कायद्याने मालमत्ता करावर ग्रंथालयासाठी लहानसा उपकर बसवला. पुढे आंध्र, कर्नाटक, केरळ यांनी तीच वाट धरली. महाराष्ट्राच्या कायद्यात असा उपकर नाही. आपल्यासाठी ही दूरची गोष्ट नव्हे. सिरोंच्याहून प्राणहिता ओलांडली की तेलंगण लागते. तिथे आंध्रच्या 1960 च्या कायद्याप्रमाणे घरपट्टीच्या दर रुपयामागे 8 पैसे ग्रंथालयासाठी वसूल होतात आणि ते जिल्हा ग्रंथालय संस्थेकडे जायचे असतात. 500 रुपये घरपट्टी भरणाऱ्या घराला हा भार वर्षाला 40 रुपयांचा पडतो. वसूल झालेला उपकर ग्रंथालयापर्यंत वेळेवर पोचत नाही, अशी तक्रार तिकडेही आहे, हे मी लपवत नाही. पण तिथल्या ग्रंथालयाला मागायला एक हक्काची रक्कम तरी आहे. आपल्याकडे हातात फक्त विनंतीअर्ज आहे.

कुणी म्हणेल, गरीब जिल्ह्यांत उपकर कसला? म्हणून मी पुढच्या गोष्टीकडे येतो, आणि माझ्या दृष्टीने ती सगळ्यात महत्त्वाची आहे. आपले जिल्हे गरीब म्हणवले जातात, पण इथून निघणारी संपत्ती गरीब नाही. बल्लारपूरचा कागद कारखाना 1940 च्या दशकात उभा राहिला. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला बांबू दशकानुदशके तिथे गेला आणि त्याचा कागद झाला. त्या कागदावर देशातल्या पोरांनी अभ्यास केला. बांबू तोडणाऱ्या गावांत तो कागद पुस्तक होऊन परत आला नाही. ही बाकी अजून फिटायची आहे. ती फेडून घेण्याच्या वाटा आज कायद्याने उघड्या आहेत. एकेक सांगतो.

पहिली वाट जंगल पर्यटनाची. वन्यजीव कायद्यात 2006 साली दुरुस्ती झाली आणि प्रत्येक व्याघ्र प्रकल्पासाठी प्रतिष्ठान स्थापण्याची तरतूद आली. परिसराचा आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक विकास हे त्या प्रतिष्ठानाचे काम म्हणून कायद्यातच लिहिले आहे. वाचनालय या तरतुदीत चपखल बसते. आता मोहर्लीसारख्या गावाचा अंदाज मांडतो. वाचनालय चालवणाऱ्या माणसाला महिन्याला 10 हजार, म्हणजे वर्षाला 1,20,000. वर्तमानपत्रे आणि नियतकालिके 12,000. नवी पुस्तके 30,000. वीज, इंटरनेट, डागडुजी 18,000. एकूण 1,80,000 रुपये. ड वर्गाचे 48,000 मिळाले असे धरले तर 1,32,000 कमी पडतात. एका सफारीमागे 10 रुपये ग्रंथालयासाठी बाजूला काढले, तर 13,200 सफारींत ही रक्कम उभी राहते. जिप्सीत सहा पर्यटक असतात. माणशी दोन रुपयेसुद्धा होत नाहीत. वाघ पाहायला हजारो रुपये मोजणाऱ्या माणसाला हे जड जाणार नाही. वाघासोबत राहणाऱ्या गावाचे पोर शिकावे म्हणून हे पैसे आहेत हे कळले, तर तो आनंदाने देईल.

दुसरी वाट ग्रामसभेची. ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत, त्यांच्याकडे बांबू आणि तेंदूचे उत्पन्न येते. त्याचा ठरावीक हिस्सा अभ्यासगट आणि वाचनालय यांच्यासाठी ठेवायचा ठराव ग्रामसभाच करू शकते, त्यासाठी मंत्रालयात जावे लागत नाही.

तिसरी वाट कोळशाची. 2015 पासून खाणींच्या स्वामित्वधनाबरोबर जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा हिस्सा भरावा लागतो. जुन्या पट्ट्यांसाठी तो स्वामित्वधनाच्या 30 टक्के आणि लिलावातल्या पट्ट्यांसाठी 10 टक्के आहे. चंद्रपूर कोळशाचा जिल्हा आहे. या निधीच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत शिक्षणाच्या कामांमध्ये ग्रंथालये आणि सहायक कर्मचारी या दोन्हींचा उल्लेख आहे. आपण मात्र तो फक्त भिंतींसाठी मागतो.

चौथी वाट कंपन्यांची. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले आणि त्या कामांच्या यादीत सार्वजनिक ग्रंथालये उभारणे स्पष्ट शब्दांत आहे. सिमेंट, कोळसा, वीज यांचे मोठे कारखाने आपल्या जिल्ह्यात आहेत. त्यांच्याकडून इमारत, कपाटे, सौरदिवे घ्यावेत. पण त्याआधी कार्नेगीची अट आपण स्वतःवर घालून घ्यावी : चालू खर्चाची सोय झाल्याशिवाय पायाभरणी नाही.

या चारही वाटा शासनाच्या जबाबदारीला पर्याय म्हणून मी सांगत नाही. राज्याने अनुदान महागाईशी जोडावे आणि वेळेवर द्यावे, ही मागणी कायम राहिली पाहिजे. एखाद्या वर्षी पर्यटक कमी आले, बांबूचा भाव पडला, तरी वाचनालय उघडे राहावे म्हणून राज्याचा हात हवाच.

दोन आक्षेप मी नेहमी ऐकतो. पहिला असा की आता मोबाईल आला, वाचनालयाचे काय काम? मोबाईलवर माहिती येते, पण ती खरी की खोटी हे विचारायला समोर माणूस नसतो. जंगलपट्ट्यात रेंज किती लागते, ते तुम्ही जाणताच. शिवाय एका घरात एक मोबाईल असतो, तो बहुधा बापाकडे किंवा मोठ्या भावाकडे. मुलीच्या वाट्याला तो कधी येतो? वाचनालयाच्या बाकावर तिची जागा तिची असते.

दुसरा आक्षेप असा की इथल्या लोकांना वाचनाची आवड नाही. हे मी मुळीच मानत नाही. झाडीपट्टीत हिवाळ्यात रात्र-रात्र नाटके होतात आणि मजूर माणूस स्वतःच्या पैशाने तिकीट काढून ती पाहतो. ग्रामगीता विदर्भाच्या खेड्याखेड्यांत वाचली जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 16 ऑक्टोबर 1956 रोजी चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली. त्या दिवसाच्या स्मरणार्थ दरवर्षी दीक्षाभूमीवर जो सोहळा होतो, तिथल्या पुस्तकांच्या दुकानांवरची गर्दी एकदा पाहा. रोजंदारी बुडवून आलेली माणसे पिशवी भरून पुस्तके नेतात. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन चंद्रपुरात दोनदा भरले, 1979 साली वामन कृष्ण चोरघडे आणि 2012 साली वसंत आबाजी डहाके अध्यक्ष असताना. शब्दांवर प्रेम करणारा हा मुलूख आहे. त्याला वर्षातून एकदा मिळणारे पुस्तक रोज मिळावे, एवढेच मागणे आहे.

वाचनालय कसे असावे, हेही गावाने ठरवावे. शहराच्या वेळा इथे चालणार नाहीत. मंगळवारी सफारी बंद असते, त्या दिवशी ते दिवसभर उघडे ठेवा. 1 जुलै ते 30 सप्टेंबर कोअर क्षेत्र बंद असते, गाईड-चालकांना वाचायला आणि परीक्षांची तयारी करायला हेच दिवस. अंधार पडण्याआधी पोरे घरी पोचली पाहिजेत, कारण वाटेवर वाघ-बिबट असू शकतो. टोलीवरच्या आणि पाड्यावरच्या घरांसाठी बडोद्यासारखी पुस्तकांची पेटी फिरती ठेवा. कपाटात मराठी असावे, तसे गोंडी आणि माडियाही असावे. म्हाताऱ्यांच्या तोंडची गाणी, कहाण्या आणि झाडापाल्याची माहिती वहीत उतरवून त्याच कपाटात ठेवावी. आणि शासन निर्णयांची एक स्वतंत्र फाईल असावी, जी कुणालाही न विचारता उघडता येईल.

शेवटी कृतीचे. ग्रामसभा 15 ऑगस्टला होते, 26 जानेवारीला होते, 1 मे रोजी होते. येत्या ग्रामसभेत आपण चार ओळींचा ठराव करावा. एक, वाचनालयासाठी गावनिधीतून दरवर्षी ठरावीक रक्कम राखून ठेवली जाईल. दोन, सफारी शुल्कातून ग्रंथालयाचा वाटा द्यावा, अशी मागणी व्याघ्र प्रकल्पाच्या प्रतिष्ठानाकडे केली जाईल. तीन, खनिज निधीतून खोलीबरोबर माणसाच्या मानधनाची मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे केली जाईल. चार, जमा-खर्च दर तीन महिन्यांनी वाचनालयाच्या भिंतीवर लावला जाईल. असा ठराव मोहर्लीने केला आणि बफरमधल्या प्रत्येक गावाने केला, तर तो कुणाला टेबलाखाली सरकवता येणार नाही.

गुरुजींनी आपल्या खिशातून वाचनालय चालवले. त्यांच्या काळात दुसरा मार्ग नव्हता. आज मार्ग आहे, कायदा आहे, पैसाही आहे. यापुढे गावाचे वाचनालय कुणा एकाच्या त्यागावर चालता कामा नये. त्याचा खर्च सगळ्यांनी मिळून उचलावा आणि तो उचलणे हे आपले कर्तव्य समजावे, एवढेच आपल्यापुढे मांडून मी थांबतो.